स्क्रूचा पाव फेरा

इंदूरच्या देवास नाक्याजवळ पद्मजा घोरपडे यांचं डिझेल पंप दुरुस्तीचं दुकान आहे. कापडाची मिल बंद पडून नोकरी गेल्यावर त्यांच्या वडिलांनी, जयसिंगरावांनी, ते सुरू केलं. पद्मजा बी.एस्सी. झाली, दोन वर्षं शाळेत शिकवलं, आणि मग वडिलांच्या शेजारी टेस्ट बेंचपाशी उभी राहिली ती कायमचीच. ट्रकचा पंप बेंचवर चढवायचा, प्रत्येक सिलिंडरला किती डिझेल जातं ते काचेच्या नळ्यांत बघायचं आणि त्याप्रमाणे पंप लावून द्यायचा, हे काम. आज त्या छप्पन्न वर्षांच्या आहेत. ड्रायव्हर त्यांना दीदी म्हणतात.

पाच-सहा वर्षांपूर्वी, जूनच्या सुरुवातीला, जवळच्या बेटमा गावचा सुजय पवार जुना ट्रक घेऊन आला. सोबत थोरला भाऊ गजानन होता. दोघे पाण्याचे पाइप घेऊन लेहला निघाले होते.

"दीदी, पूरी चढाई आहे. पंपाचं तेल थोडं वाढवून द्या, बस. गाडी दम सोडायला नको."

"वर डिझेल कमी पडत नाही, सुजय. हवा कमी पडते," पद्मजाताई म्हणाल्या. "खिंडीत हवा इथल्या जवळजवळ निम्मी. इंजिनात हवा दाबून भरणारा टर्बो थोडी भरपाई करतो, सगळी नाही. जळायला हवाच नसेल तर जास्त तेल ओतून काय होणार? काळा धूर. आणि जे सिलिंडरमध्ये जळायचं ते पुढे एक्झॉस्टमध्ये जळत जाईल. टर्बो भाजून निघेल."

सुजयने खिशातून एक बाटली काढली. तिच्यावर ऑक्टेन बूस्टर असं लिहिलं होतं. "आणि ही टाकली तर? दुकानवाला म्हणे, पॉवर वाढते."

"ही पेट्रोलच्या गाडीची. पेट्रोल नुसत्या दाबाने पेटू नये म्हणून ऑक्टेन लागतं. डिझेलला तर दाबानेच पेटायचं असतं. हे टाकलंस तर उलट उशिरा पेटेल. ठेव ती इथेच."

बाटली त्याने मुकाट्याने ठेवली. पंपाचं तेल वाढवणाऱ्या स्क्रूसाठी मात्र अडून बसला. सगळेच वाढवून घेतात, घाटात मागच्या गाड्या शिव्या घालतात, दीदी प्लीज. गजानन दाराशी उभा होता. बाहेर आणखी तीन पंप थांबले होते. पद्मजाताईंनी पाना उचलला आणि तेलाचा स्क्रू पाव फेरा आत घेतला. एवढ्याने काय बिघडतं, असं त्यांना वाटलं. इंदूरच्या उंचीवर बिघडतही नव्हतं.

नवव्या दिवशी दुपारी सुजयचा फोन आला. "दीदी, दादा नहीं रहा."

झालं असं होतं. शेवटच्या मोठ्या खिंडीच्या चढावर ट्रक काळा धूर ओकायला लागला. गाडी ओढेना, म्हणून सुजय ॲक्सिलरेटर दाबत राहिला. माथा जेमतेम अर्ध्या कोसावर असताना टर्बो गेला आणि गाडी जागीच थांबली. गजाननचं डोकं सकाळपासून दुखत होतं. त्याने ते सांगितलंच नव्हतं. गाडी चालती असती तर तासाभरात ते खिंड उतरून खाली गेले असते. पाच तास तिथेच अडकले. गजाननला धाप लागली, तोंडाला फेस आला. लष्कराच्या गाडीने त्याला खाली नेलं, पण दवाखाना गाठण्याआधीच तो गेला.

पद्मजाताईंना कुणी दोष दिला नाही. गॅरेजवाला म्हणाला, टर्बो जुनाच होता. डॉक्टर म्हणाले, उंचीचा त्रास कुणालाही होतो. सुजय म्हणाला, "मीच मागे लागलो होतो." ट्रक ओढून आणल्यावर त्याचा पंप दुकानात परत आला तेव्हा ताईंनी तो स्वतः बेंचवर चढवला. नळ्यांत डिझेल खुणेच्या किती वर चढतंय ते पाहिलं, बेंच बंद केला आणि तो पंप कापडात गुंडाळून ठेवला.

दिवाळीनंतर गजाननची बायको शशिकला दुकानात आली. सोबत कुणी नव्हतं. स्टुलावर बसून म्हणाली, "गाडी का बंद पडली ते मला कुणी सीधं सांगत नाही. म्हणतात, तुला समजणार नाही. तुम्ही सांगा."

पद्मजाताईंनी पंप समोर आणला. हवा कशी विरळ होत जाते, तीच हवा इंजिनला आणि माणसाला दोघांना कशी कमी पडते, हे सांगितलं. मग स्क्रूवर बोट ठेवलं.

"हा मी फिरवला. फिरवायचा नसतो हे मला माहीत होतं. तरी फिरवला."

शशिकलाने वाकून तो स्क्रू पाहिला. "किती?"

"पाव फेरा."

"एवढासाच?"

"एवढासाच."

ती रडली नाही. पदर सारखा करून उठली. "माफ करते असं म्हणणार नाही मी, दीदी. ते मला जमेल असं वाटत नाही. पण तुम्ही खरं सांगितलं. आता वर जाणाऱ्या प्रत्येकाला हे सांगा. आणि डोकं दुखलं तर लपवू नका, हेही सांगा."

त्या दिवसापासून लेहकडे जाणारा ड्रायव्हर आला की पद्मजाताई त्याला आधी बसवतात. माल कमी भर, एअर फिल्टर साफ ठेव, खालच्या गिअरमध्ये हळू चढ, धूर काळा झाला की पाय उचल, आणि जोडीदार गप्प झाला तर त्याला विचार. तेल त्या कमीच करून देतात, वाढवत नाहीत. काही जण वैतागून दुसरीकडे जातात. "अरे भिया, दीदी तर क्लास घेते," असं नाक्यावर म्हणतात.

सुजय आता ट्रक चालवत नाही. इंदूरजवळ सिमरोलला कॉलेजची बस चालवतो. शशिकला पुन्हा कधी दुकानात आली नाही. मागच्या उन्हाळ्यात मात्र बेटम्याहून एक ड्रायव्हर आला. लेहला निघाला होता. ताईंनी विचारलं, माझं नाव कुणी सांगितलं?

"गजाननभियाच्या घरून," तो म्हणाला. "वहिनी म्हणाल्या, निघायच्या आधी तिथे जा आणि ऐकून घे."

पद्मजाताईंनी त्याच्यासाठी स्टूल पुढे ओढलं.