आबांना मी अंथरुणाला खिळवलं

आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुम्ही मला उगाच चांगला माणूस समजणार नाही. माझ्या वडिलांना आजवर धड सर्दीसुद्धा झालेली नाही, आणि मी त्यांना साडेचार महिने अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळवून ठेवलं होतं. म्हणजे पुण्याच्या ऑफिसात. इथं कोल्हापुरात ते रोज संध्याकाळी चालत गंगावेशीत जाऊन, समोर धार काढलेलं म्हशीचं दूध पिऊन येत होते.

लॉकडाऊन लागला तेव्हा मी पुण्याहून लॅपटॉप घेऊन घरी आलो, तो इथंच राहिलो. घरात आम्ही तिघंच. आई, आबा आणि माडीवरच्या खोलीत दार लावून बसलेला मी. काम चांगलं करत होतो, त्यात खोट नव्हती. पण चार वर्षांत माणसांची सवय गेली. कॅमेरा बंद, माईक बंद. बोलायची वेळ आलीच तर आधी वहीत लिहून घ्यायचं आणि वाचून दाखवायचं. फोन आला की तो वाजायचा थांबेपर्यंत बघत बसायचं, आणि मग मेसेज टाकायचा, 'मीटिंगमध्ये होतो.' मला वाटायचं, आपलं मस्त चाललंय.

मग एक दिवस मेल आली. पुढच्या महिन्यापासून आठवड्यातले तीन दिवस सगळ्यांनी ऑफिसला यायचं. वाचता वाचता तळहाताला घाम फुटला. काम नव्हे, बाकीचंच सगळं डोळ्यांपुढं आलं. लिफ्टमध्ये खेटून उभी राहिलेली माणसं. कँटीनमध्ये ताट घेऊन कुठं बसावं म्हणून बघत राहणं. पाठीमागनं येऊन कुणीतरी खांद्यावर हात ठेवणार आणि म्हणणार, 'काय, कुठवर आलं?' नुसत्या विचारानं छातीत धडधडायचं. अंगानं मी चांगला दांडगा आहे हो! गल्लीत भांडण झालं तर लोक मला पुढं करतात. एवढा गडी, आणि भितोय कशाला, तर ऑफिसातल्या खुर्चीला. सांगायची तरी सोय होती का कुणाला? आबांना तर नाहीच. ते एसटीचे ड्रायव्हर. धुक्यात, पावसात मलकापूरवरनं आंबा घाट उतरून रत्नागिरीला गाडी नेण्यात त्यांची नोकरी सरली. त्यांच्यापुढं जाऊन काय म्हणणार, मला लिफ्टची भीती वाटते?

गेलो नाही असं नाही. पहिल्या सोमवारी गेलतो. आईनं भाकरी आणि खर्डा बांधून दिला. आबा माझी बॅग खांद्यावर टाकून स्टँडपर्यंत आले आणि ड्रायव्हरला म्हणाले, "आमचं पोरगं हाय, जरा बेतानं न्या." मी छत्तीस वर्षांचा. पेठनाका मागं पडला आणि मला श्वास पुरेना. खिडकी उघडली, पाणी प्यालो, उलट आकडे मोजले. इंटरनेटवर वाचलेलं सगळं करून झालं. कराडला गाडी थांबली, लोक चहाला उतरले, तसा मीही उतरलो, पण बॅग घेऊन. गाडी गेली. पलीकडच्या फलाटावर कोल्हापूरची उभी होती, तिच्यात बसलो. भरलेला डबा परत न्यायला नको म्हणून भाकरी गाडीतच खाल्ली, एक घास गिळवत नसताना. घरी सांगितलं, मीटिंग रद्द झाली. आई म्हणाली, "बरं झालं बाई."

दुपारी आमच्या मॅनेजरांचा फोन आला. आयटीत सगळे एकमेकांना नावानं हाक मारतात, पण मला ते जमत नाही, मी त्यांना सरच म्हणतो. साठीकडं झुकलेला, शांत माणूस. "आला नाहीत?" एवढंच त्यांनी विचारलं. आणि माझ्या तोंडातनं बाहेर पडलं, "सर, वडिलांना पॅरालिसिस झाला. डावी बाजू गेली."

कुठनं आलं ते, देवाला ठाऊक. भीती वाटते हे दोन शब्द सांगायला जीभ उचलली नाही, आणि बापाची डावी बाजू मात्र सहज गेली. त्याच वेळी खाली आबा अंगणात लाकडं फोडत होते. घावांचा आवाज फोनवर ऐकू जाईल म्हणून मी खिडकी लावून घेतली.

मला वाटलं, महिनाभर चालेल. पण मॅनेजरांचे वडील याच दुखण्यानं गेलेले. ते दर गुरुवारी आठवणीनं फोन करायला लागले. दर दोन तासांनी कूस बदलताय ना? पाठीला जखम होऊ देऊ नका. बोलतात का? त्यांचा फोन मात्र मला उचलावाच लागायचा, आणि मग मी दार लावून हळू आवाजात सांगायचो, "आता बोटं हलवतात सर. काल पेज प्याले." दार लावलं की आबांना वाटायचं, पोराची काहीतरी मोठी मीटिंग आहे. ते खाली टीव्हीचा आवाज बंद करायचे आणि आईलाही दटावायचे, "भांडी नंतर घास, त्येचं काम चाललंय." मी वर त्यांना पेज पाजत असायचो.

अंबाबाईला जाऊन मी एकदा हात जोडून सांगून आलो की, आई, तेवढं खरं करू नकोस. म्हणजे खोटं थांबवायची अक्कल नव्हती, पण देवीला सूचना द्यायची होती.

तो रविवार होता. संध्याकाळी पाचच्या सुमाराला मॅनेजरांचा फोन आला. गुरुवार नव्हता, म्हणून मी घाबरून उचललाच नाही. परत आला, परत नाही. तिसऱ्यांदा आला तेव्हा फोन पालथा घालून गच्चीवर जाऊन बसलो. फोन बघितला असता तर मेसेजही दिसला असता, की देवीच्या दर्शनाला आलो आहोत, गंगावेशीत उभे आहोत, घर सापडत नाही.

आता आपल्याकडं आजारी माणसाला बघायला जायचं असतं. परगावाहून त्या गावात आलेला माणूस आजाऱ्याला न बघता परत जात नाही, हे शेंबड्या पोरालाही कळतं. सुट्टीसाठी दुसरं कुठलंही कारण मी देऊ शकलो असतो, पाइप फुटला, नेट गेलं. मी कोल्हापुरात बसून असलं कारण दिलं की ज्याला लोक फळं घेऊन भेटायला येतात!

पुढचं मला आबांच्या दोस्तानं नंतर सांगितलं. दूध कट्ट्यावर पाच-सहा म्हातारी मंडळी पेला हातात घेऊन उभी होती. मॅनेजर आणि त्यांच्या मिसेस गाडीतनं उतरले आणि नेमकं आबांनाच आमचं आडनाव सांगून घर विचारलं.

आबा म्हणाले, "त्या आडनावाची तीन घरं हाईत पावणं. कंचं पायजे?"

"ते कॉम्प्युटरवर घरून काम करतात ते. त्यांच्या वडिलांना पॅरालिसिस झालाय ना, चार-साडेचार महिने अंथरुणावरच आहेत. त्यांना बघायला आलोय."

दोस्त म्हणायला लागला, "अवो, ह्योच की त्येचा..." तेवढ्यात आबांनी त्याचा दंड धरला. दोस्त म्हणाला, वळ उठला एवढा जोरात धरला. मग आबांनी पेल्यातलं उरलेलं दूध सावकाश संपवलं, मिशी पुसली आणि म्हणाले, "मी त्येचा चुलता. चला, दावतो घर. पर आदी दूध घ्या, आमच्या गावात आलाय."

दार वाजलं म्हणून मी गच्चीवरनं खाली आलो. दारात मॅनेजर, त्यांच्या मिसेस, आणि मागं आबा. आबांच्या खांद्यावर वॉकर होता, आजारी माणसाला धरून चालायला देतात तो. मॅनेजरांनी स्वतःच्या वडिलांचा वॉकर पुसून, नवी रबरं लावून, पुण्याहून आणला होता.

"बघ, पावणं आलेत," आबा माझ्याकडं न बघता म्हणाले. "गंगावेशीत गावले. मी सांगितलं त्यास्नी, चुलता हाय म्हणून."

आई स्वयंपाकघरातनं पदर सावरत आली आणि म्हणाली, "अवो, एवढा का उशीर?" त्यावर आबा चटकन म्हणाले, "वहिनी, च्या टाका पावण्यांस्नी." छत्तीस वर्षांच्या पोराच्या आईला तिच्या नवऱ्यानं भरल्या घरात वहिनी म्हटलं. आई त्यांच्याकडं बघत राहिली, मग माझ्याकडं बघितलं. माझं तोंड बघून तिला काय कळायचं ते कळलं असावं. ती चहा टाकायला आत गेली.

"जाग आहे का त्यांना?" मॅनेजरांनी विचारलं. आबाच म्हणाले, "थोरल्याचा वर माडीवर आत्ताच डोळा लागला असंल. गोळीच्या गुंगीत असतोय."

"नको मग, उठवू नका." ते हळू आवाजात बोलायला लागले. त्यांच्या मिसेसही. माडीवर कुणीच नव्हतं आणि खाली आम्ही सगळे कुजबुजत होतो. माझ्या आयुष्यातली ती वीस मिनिटं. कराडचा प्रवास त्यापुढं काहीच नाही.

मॅनेजर आबांना सांगत होते, "वरून फार दबाव होता हो. पण मी माझ्या शब्दावर परवानगी घेतली, वडील बरे होईपर्यंत याला बोलवायचं नाही. आजकाल बापाचं इतकं करणारं कोण असतं?" आबा मान हलवत होते. वॉकर त्यांच्या गुडघ्याला टेकलेला होता.

"स्वभावानं कसे आहेत हो वडील?" मिसेसनी सहज विचारलं.

आबांनी थोडा विचार केला. "चांगला माणूस हुता," ते म्हणाले.

"होता काय म्हणता, काका! बरे होतील ते."

"व्हय," आबा म्हणाले. "बघायचं."

मला त्या वेळी जमीन फाटून आत घेईल तर बरं असं झालं होतं. तरी मी बोललो नाही. बोलायला जागा होती, वेळ होती, बाप समोर बसून स्वतःला मागच्या काळात घालत होता, आणि मी बशीतल्या चहाकडं बघत बसलो. निघताना मिसेसनी देवीचं कुंकू आणि प्रसाद माझ्या हातात दिला. "त्यांच्या उशाशी ठेवा." मी "हो" म्हणालो. एवढा एकच शब्द मी त्या वीस मिनिटांत बोललो असेन.

गाडी गल्लीच्या तोंडाला वळली तशी आईनं सुरुवात केली. "जितंजागतं माणूस आडवं केलंस रं! माझं कुंकू तरी डोळ्यांपुढं आलं न्हाय का तुझ्या?" ती रडत होती आणि शिव्या देत होती. मी खाली मान घालून सगळं सांगितलं. मेल, घाम, कराड, भाकरी. चार वर्षांत पहिल्यांदा मी कुणाला वहीत लिहून न घेता एवढं सलग सांगितलं असेल. आबा ऐकत होते. मधे एकदाच म्हणाले, "घाटात माझी बी फाटायची की. पयल्या वर्षी दोनदा गाडी कडंला लावून भडाभडा वकलोय. प्याशिंजर बसल्यात मागं आणि मी वकतोय. घाबरला म्हणून काय माणूस वाईट हुईत न्हाय."

मला एकदम हलकं वाटलं. आणि त्या भरात मी आयुष्यातलं सगळ्यात मूर्खासारखं वाक्य बोललो. म्हणालो, "आबा, आज तुम्ही वाचवलंत मला."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. दारात मॅनेजर उभे असल्यापासून पहिल्यांदाच.

"तुला वाचवाय न्हाय बोललो मी," ते म्हणाले. "चार माणसांत त्यांनी इचारलं, तवा मीच त्येचा बाप म्हणून सांगायची लाज वाटली मला."

आई रडायची थांबली. आबा पाय धुवायला मोरीत गेले, आले, आणि नेहमीच्या जागी भिंतीला टेकून बसले.

मी माडीवर जाऊन फोन आणला आणि त्यांच्या समोर बसून लावला. दोनदा चुकीचं बटण दाबलं गेलं. मॅनेजर अजून किणी टोलनाक्याच्या अलीकडंच होते. मी म्हणालो, "सर, माझ्या वडिलांना काही झालेलं नाही. कधीच झालं नव्हतं. मला ऑफिसला यायची भीती वाटते, म्हणून मी खोटं बोललो. गंगावेशीत तुम्हाला भेटले ना, ते माझे चुलते नव्हेत."

गाडी थांबल्याचा आवाज आला. मग मागनं जाणाऱ्या ट्रकचे आवाज. मिसेस काहीतरी विचारत होत्या, त्यांना ते "थांब" म्हणाले.

"मग त्यांनी चुलता असं का सांगितलं?"

आबांच्या देखत मी त्यांना तेही सांगितलं, आबांच्याच शब्दांत.

"बुधवारी ऑफिसला या," ते म्हणाले. आवाजात राग होता आणि तो त्यांनी लपवला नाही. "समोर बसून बोलू. नोकरीचं काय ते मी आत्ता सांगत नाही." मग थोडं थांबून, "वडील आहेत का तिथं? त्यांना द्या फोन."

मी फोन पुढं केला. आबांनी तो घेतला, पण लगेच कानाला लावला नाही. ओल्या हातात धरून ठेवला. पलीकडनं मॅनेजर हॅलो, हॅलो करत होते, आई पदर तोंडाला लावून उभी होती, आणि मी त्यांच्या तोंडाकडं बघत होतो. शेवटी त्यांनी घसा साफ केला.

"व्हय साहेब," ते म्हणाले. "मी त्येचा बाप बोलतोय."