टकळी गप्प झाली त्याची गोष्ट

आमच्या संस्थेत नवं माणूस कामाला लागलं की संस्था चालवणाऱ्या ताई त्याच्या नावाची वही घालत. निळ्या पुठ्ठ्याची, दुरेघी. कोण दारातूनच प्रश्न विचारायला लागतो, कोण घड्याळाकडे बघत सांत्वन करतो, कोण घरी आल्यावर रडतं, सगळं त्या वहीत. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांकडे जाऊन विचारपूस करायची, औषधं, दाखले, दवाखाना बघायचा, हे आमचं काम. ते पुस्तकातून येत नाही. ताई दर गुरुवारी मागच्या खोलीत नव्यांना घेऊन बसत आणि वही उघडत. त्यांच्या हाताखालून गेलेली माणसं आज मोठमोठ्या खुर्च्यांवर आहेत. त्यातली निम्मी अजून त्यांना घाबरतात आणि उरलेली त्यांची खबरबात माझ्याकडून काढतात. मी टपाल बघतो, पाकिटं चिकटवतो. माझ्या जिभेचा संस्थेला झालेला उपयोग तेवढाच, असं ताई म्हणत.

टकळी आली ती कॉलेजातून थेट. नाव वेगळं होतं, पण दुसऱ्या दिवसापासून सगळे टकळीच म्हणू लागले. ही मुलगी जिना चढताना बोलायला लागायची ती खुर्चीत बसेपर्यंत तीन विषय संपवून मोकळी. पण काय सांगू, म्हाताऱ्यांना वेड लावलं तिनं. एक घड्याळ दुरुस्त करणारे आजोबा होते, दुकान बंद करून घरात कोंडून घेतलेले. आमच्या पाच माणसांना त्यांनी दाराच्या फटीतून परत पाठवलं होतं. टकळी बाहेर उभी राहून बंद दाराशी पाऊण तास बोलली. शेवटी आजोबांनी दार उघडलं. "ये बाई आत. बाहेर बोललीस तर शेजारी उठून येतील," म्हणाले. तेव्हापासून ते फक्त तिलाच दार उघडत.

दोन वर्षांत वीस घरं तिच्यावर आली. ताईंचं अर्धं ओझं हलकं झालं. आणि तिथेच माशी शिंकली.

आमच्या क्षेत्रात नवख्यांसाठी एक वर्षाचा अभ्यासवर्ग असतो. मोठ्या शहरात राहायचं, शिकायचं, बाहेर पडलं की स्वतः काम उभं करायची ताकद येते. अट अशी की कामाला लागून तीन वर्षांच्या आत अर्ज करायचा, आणि वरिष्ठांचं बंद पाकिटातलं पत्र जोडायचं. टकळीनं अर्ज भरला. ताईंनी पत्र लिहिलं आणि पाकीट माझ्या टेबलावर ठेवलं.

उघडं होतं. मी वाचलं. माझ्याकडून दुसरी अपेक्षा कुणी करूही नये.

बाकी सगळं गोड होतं. शेवटी एक ओळ: 'मुलगी होतकरू आहे, परंतु अद्याप कच्ची आहे, आणखी एक वर्ष थांबणे तिच्या हिताचे ठरेल.'

हिताचं कुणाच्या, ते मला कळलं. ती गेली असती तर वीस घरं परत ताईंच्या गळ्यात. मी पाकीट चिकटवलं. जन्मभर सगळ्यांच्या बातम्या गावभर केल्या. ही एकच पोटात ठेवली, आणि नेमकी हीच सांगायला हवी होती.

नकार आला. टकळी मागच्या खोलीत गेली. दार अर्धवट उघडं होतं आणि मी जवळच होतो, योगायोगानं.

"ताई, माझं काय कमी पडलं?"

खरं सांगायची ती वेळ होती. ताईंनी चष्मा पुसला. पुन्हा पुसला. मग म्हणाल्या, "तू फार भरभर बोलतेस गं. समोरच्याला दम घेऊ देत नाहीस. ते सांभाळ."

हाताला लागलं ते उचलून दिलं, दुसरं काही नाही. पण मुलगी पडली प्रामाणिक. तिनं तेवढंच मनावर घेतलं. एक वाक्य झालं की मनात पाच अंक मोजायची, मग दुसरं. महिन्याभरात ती बोलायची तेव्हा काचेची भांडी एकेक करून फळीवर ठेवल्यासारखं वाटायचं. जिन्यावर पावलंच ऐकू येऊ लागली. गुरुवारच्या बैठकीत ताई विचारत, "कशी चाललीत घरं?" टकळी म्हणे, "बरी." आणि अंक मोजत बसे. ताई तिच्या वहीत काही लिहीत नसत. पान उघडं ठेवून पेनचं टोपण काढत, लावत.

एवढी सगळ्यांची मापं काढणारी बाई, हिच्यासमोर मान वर करेना. हिला आवडतात म्हणून केळी आणून ठेवायची, हिच्या वाट्याची लांबची घरं आपण करायची. मी एकदा म्हटलं, "ताई, अलीकडे लाड फार चाललेत." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी तिकिटं मोजायला लागलो.

पुढच्या वर्षी अर्जाची वेळ आली. टकळीची शेवटची संधी. त्याच आठवड्यात घड्याळवाले आजोबा काठी टेकत स्वतः ऑफिसात आले. वर्षानुवर्षं घराबाहेर न पडलेला माणूस. ताईंच्या समोर बसले आणि म्हणाले, "त्या मुलीला काय झालंय? घरात कुणी गेलं का तिच्या? येते, गोळ्या मोजते, विचारून विचारून दोन वाक्यं बोलते. चालतं घड्याळ कुणी उघडून बिघडवलं ते सांगा."

ताईंनी आजोबांना जिन्यावरून हात धरून खाली सोडलं आणि वर येऊन टकळीला हाक मारली. या वेळी दार सताड उघडं ठेवलं. मलाही म्हणाल्या, "काका, तुम्हीही या. नाहीतरी ऐकणारच."

"अर्ज भरलास?"

"नाही ताई. माझं बोलणं अजून... सुधारलं नाही."

"तुझ्या बोलण्यात काही नव्हतं," ताई म्हणाल्या. "मी लिहिलं होतं, कच्ची आहे म्हणून. तू गेलीस तर मला झेपलं नसतं. तू विचारलंस तेव्हा तोंडाला आलं ते सांगितलं."

 टकळी माझ्याकडे वळली. "काका, पत्र तुम्ही वाचलं होतं?"

"चिकटवलं मीच," मी म्हटलं. त्यापलीकडे जीभ उचलली नाही.

"पत्र पुन्हा तुम्हीच लिहा, ताई," ती म्हणाली. "पण मला वाचून दाखवा."

ताईंनी तिथेच बसून लिहिलं, वाचलं. अशी मुलगी लाखात नाही, असं काहीतरी. टकळी म्हणाली, "हे काढा. आधी निंदा खोटी, आता स्तुती खोटी. वीस घरं लिहा. आजोबांचं दार लिहा. झालं तेवढंच."

तिची निवड झाली. ती गेली. वीस घरं ताई करतात. गुडघे दुखतात, पण तक्रार करत नाहीत. आता कुणाचंही शिफारसपत्र आधी त्या माणसाला वाचून दाखवतात, मगच ते माझ्याकडे चिकटवायला येतं.

टकळी रविवारी फोन करते, ताईंना आणि आजोबांना. मी दोघांकडेही चौकशी केली, करणारच. आजोबा सांगतात, पोरगी पुन्हा पहिल्यासारखी सुटलीये, फोन कानापासून लांब धरावा लागतो. ताईंशी ती अजून सावकाश बोलते. एक वाक्य, मग पाच अंकांएवढी शांतता. ताई ती शांतता पूर्ण ऐकून घेतात. मध्ये बोलत नाहीत.