पहिलं वर्ष धरायचं नाही

मुलुंडच्या आमच्या कॉलेजात जिन्यासमोरच्या भिंतीवर एक मोठा लाकडी फलक होता. दरवर्षी बी.कॉम.ला जो गुणवंत ठरेल त्याचं नाव त्यावर सोनेरी रंगात लिहिलं जायचं. प्रवेशाच्या दिवशी मी फीच्या रांगेत उभी होते आणि वडील त्या फलकासमोर. गिरणीत कापडाच्या गाठींवरची इंग्रजी अक्षरं लावून लावून त्यांना तेवढं वाचता येत असे. सगळी नावं वाचून झाल्यावर ते माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "हयसर आपला आडनाव दिसाक व्हया." संपानंतर परळची गिरणी त्यांच्यासाठी कायमची बंद झाली होती आणि आता ते आग्रा रोडवरच्या एका कारखान्याच्या गेटवर बसत. वडिलांनी माझ्याकडे कधीच काही मागितलं नव्हतं. हे एक मागितलं, म्हणून ते मी फारच मनावर घेतलं.

आणि पहिल्याच वर्षी माझी वाट लागली. बारावीपर्यंत मी मराठीत शिकले होते. चाळीजवळच्या शाळेला जोडून असलेल्या ज्युनियर कॉलेजात जमाखर्चात माझा हात धरणारं कोणी नव्हतं. इथे आल्यावर सर दिवाळीपर्यंत घसाऱ्याबद्दलच बोलत होते हे मला दिवाळीनंतर कळलं, कारण ते त्याला डेप्रिसिएशन म्हणत. तेरजेला ट्रायल बॅलन्स म्हणत. धनको आणि ऋणको ही माझी जुन्या ओळखीची माणसं, पण त्यांना कोट-टाय घालून समोर उभं केल्यावर मला ओळखूच येईनात. कशीबशी पास झाले. दुसऱ्या वर्षी मात्र शब्द अंगवळणी पडले, फर्स्ट क्लास मिळाला आणि वर्गात पहिली आले. आता फलक आपलाच, असं मी घरी सांगूनही टाकलं.

मग कोणीतरी मला नियम दाखवला. फलकावर नाव यायला तिन्ही वर्षं फर्स्ट क्लास हवा होता. म्हणजे मी शर्यतीतून पहिल्याच वर्षी बाद झाले होते आणि उगाच धावत होते. फलकावरची नावं मी पुन्हा नीट पाहिली, चौकशी केली, तर मराठी शाळेतून आलेलं एकही नाव नव्हतं. नियम करणाऱ्यांच्या मनात पाप नव्हतं. आमचं पहिलं वर्ष भाषांतर करण्यातच जातं, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

बक्षीस समितीच्या प्रमुख आमच्या अर्थशास्त्राच्या बाई होत्या. त्यांना आम्ही टरकून असायचो. कडक इस्त्रीची सुती साडी, हिरव्या शाईचं पेन, आणि घंटा व्हायच्या आत वर्गात हजर. उत्तर चांगलं असेल तर त्या समासात फक्त एक बारीक बरोबरची खूण करत. शाबासकी द्यायची त्यांना सवयच नव्हती. मी धीर करून एकटीच स्टाफरूममध्ये गेले आणि म्हटलं, "बाई, माझं पहिलं वर्ष तेवढं सोडून द्या ना."

"सोडून देणारी मी कोण गं?"

"समिती तुमचीच आहे ना."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तुझ्यासाठी नियम मोडणार नाही आणि बदलणारही नाही. समोर उभ्या असलेल्या मुलीसाठी बदलला तर ती मेहेरबानी झाली." मी निघाले, तर मागून आवाज आला, "पण पहिलं वर्ष असं का गेलं, ते सांगून जा."

मी सगळं सांगितलं, जरा तावातावानेच. आठवड्याभराने बाईंनी मला बोलावलं आणि पहिल्या वर्षाच्या जुन्या पेपरातले थोडे प्रश्न बारावीच्या मराठी पुस्तकातल्या शब्दांत लिहून आणायला सांगितले. कशाला, ते सांगितलं नाही. मी घरी बसून मन लावून लिहिलं आणि कॉलेजच्या ऑफिसात त्याच्या प्रती काढून घेतल्या.

समितीच्या बैठकीत त्या प्रती वाटायला मलाच आत बोलावलं. प्रिन्सिपॉल सर होते, अकाउंट्सचे प्रमुख होते, इंग्रजीच्या मॅडम होत्या आणि ट्रस्टींपैकी एक गुजराती शेठ होते. बाई म्हणाल्या, "पंधरा मिनिटं आहेत. पेपर पहिल्या वर्षाचाच आहे, आपणच काढलेला." आधी सगळे हसले. मग हळूहळू हसू मावळलं. प्रिन्सिपॉल सरांनी 'रोखता पसंती'खाली, म्हणजे त्यांच्या लिक्विडिटी प्रेफरन्सखाली, पेन टेकवलं ते उचललंच नाही. अकाउंट्सच्या सरांचं सगळं आयुष्य तेरजा जुळवण्यात गेलेलं, आणि ते मला हळूच विचारताहेत, "अगं, तेरीज म्हणजे काय?" मी बाईंकडे पाहिलं. बाई म्हणाल्या, "परीक्षेत बोलायचं नाही, सर." खरं सांगते, इतकी मजा मला पुन्हा कुठल्याही परीक्षेत आली नाही. शेठजी मात्र भराभर लिहीत सुटले होते. "हे तर आमच्या चोपड्यातले शब्द आहेत," ते म्हणाले. "घसारो, तेरीज, माझे बापूजी हेच लिहायचे. सोपा आहे पेपर." बाकीच्यांना तो अजिबात सोपा वाटत नव्हता.

बाईंनी कागद गोळा करून स्वतःजवळ ठेवले. कोणाला किती येत होतं ते काढलं नाही, कोणाला टोमणा मारला नाही. स्वतःहून एवढंच म्हणाल्या की त्यांनाही यातले दोन शब्द या मुलीला विचारावे लागले होते. मग त्यांनी मुद्दा मांडला. गुणवंत ठरवताना पहिलं वर्ष धरायचं नाही.

"दर्जा खाली येईल, बाई," अकाउंट्सचे सर म्हणाले.

"मग शेवटच्या वर्षाची अट साठची पासष्ट टक्के करा. माझी हरकत नाही. तुमची आहे का?"

हरकत कोणाचीच नव्हती. मी मनातल्या मनात फलकावर माझं नाव लिहूनही टाकलं. तेवढ्यात माझ्याकडे न बघता बाई म्हणाल्या, "हा नियम पुढच्या वर्षीपासून. यंदाच्या मुलांना जुनाच."

"यंदा का नको?" शेठजींनी विचारलं.

"यंदा फायदा कोणाला होणार, ते मला माहीत आहे, म्हणून."

मी त्या खोलीतून कशी बाहेर पडले ते आठवत नाही. नंतर वर्षभर मी बाईंच्या वर्गात मागच्या बाकावर बसले आणि त्यांनी प्रश्न विचारला तर छताकडे बघत राहिले. त्यांनी एकदाही मला टोकलं नाही. अभ्यास मात्र केला, तो निव्वळ रागाने केला. निकाल लागला तेव्हा मी कॉलेजात पहिली होते, आणि टक्केही पासष्टच्या वर होते. फलकावर नाव लागलं दुसऱ्या आलेल्या मुलाचं. तो घाटकोपरचा होता, स्वभावाने भला. त्यानेच मला येऊन सांगितलं की त्याला लाज वाटते, आणि त्याने मी आणखीच चिडले.

घरी मी चार दिवस कोणाशी धड बोलत नव्हते. वडिलांनी काय झालं ते खोदून खोदून विचारलं, तेव्हा पहिल्यापासून सगळं सांगितलं. मी बाईंना एकटीने जाऊन भेटले होते, तेही सांगितलं. दुसऱ्या दिवशी ते पाळी संपवून आले, पांढरा शर्ट घातला, गावाहून आलेल्या कोकमांची पुडी घेतली आणि म्हणाले, "चल, तुझ्या बाईंका भेटाचा आसा." आता हे भांडणार, या विचाराने वाटभर माझा जीव टांगणीला लागला होता. खरं तर त्यांनी भांडावं, असंही वाटत होतं.

स्टाफरूममध्ये वडील उभेच राहिले. बाईंसमोर ते शुद्ध बोलायचा प्रयत्न करत होते आणि मधेमधे घसरत होते. "बाई, मी संपात होतो," ते म्हणाले. "आमच्यातले काही जण सायबाला गुपचूप भेटून आपल्यापुरता करून घेवन आले. त्यांच्याशी मी अजून बोलत नाही. माझी पोर पण तशीच आपल्यापुरता मागूक आलेली. तुम्ही तिला नाही म्हणालात आणि मागून येणाऱ्या सगळ्या पोरांसाठी भांडलात. ता बरा केलात."

माझे कान गरम झाले. बाईंना ते दिसलं असावं. त्या लगेच म्हणाल्या, "तिने फक्त विचारलं. विचारण्यात काही वाईट नाही. तिने विचारलं नसतं तर मला हे कधीच सुचलं नसतं." मग म्हणाल्या, "आणि यंदा नाव तिचंच यायला हवं होतं. तिच्यावर अन्याय झालाय आणि तो मी केलाय, जाणूनबुजून."

"ता माका ठावक आसा," वडील म्हणाले. आता त्यांनी शुद्ध बोलायचा नाद सोडला होता. "पण ता तिका सांगा. मी सांगान तर म्हणतली, बापूस हा म्हणान सांगता."

बाई खुर्चीतून उठल्या आणि टेबलाला वळसा घालून माझ्यासमोर आल्या. तीन वर्षांत समासातल्या बारीक खुणेपलीकडे त्यांच्याकडून मला काही मिळालं नव्हतं. "या वर्षी कॉलेजात तुझ्याइतकं चांगलं कोणी नव्हतं," त्या म्हणाल्या. "मी इथे शिकवायला लागल्यापासूनच नव्हतं." मी सगळ्या स्टाफरूमदेखत ढसाढसा रडायला लागले, आणि वडिलांनी कोकमांची पुडी बाईंच्या टेबलावर ठेवली.