देशपांडेची पेटी

शिकारीला गेलं की हरीण मिळो न मिळो, किस्सा मिळतोच. इथे जपानात सेंदाईजवळच्या डोंगरात हरणं शेतं खातात, म्हणून गावची शिकारी मंडळी रविवारी निघतात आणि मी त्यांच्याबरोबर. माझ्याकडे साठलेले बरेच किस्से आमच्या देशपांडेचे आहेत. खरं सांगतो, त्याचं नाव काढलं की अजून पोटात दुखतं.

मंडळींचे म्होरके ओनो-सान, सत्तरी ओलांडलेले. बंदूक त्यांची, शिट्टी माझी. शिट्टीतून नर हरणाचा आवाज काढायला त्यांनीच मला शिकवलं. त्यांच्या छोट्या ट्रकमध्ये दोनच सीट, दुसरी माझी. बाकीचे मागच्या व्हॅनमध्ये, कुत्र्यांच्या वासात. ती सीट मी कधी कुणाला दिली नाही.

*

देशपांडे लॅबमध्ये माझ्या शेजारी बसतो. अंडंसुद्धा खात नाही. मीच त्याला हौसेने नेलं, आपल्याच पायावर धोंडा! पुढच्या खेपेला पठ्ठ्या अमेरिकेहून मागवलेली पेटी घेऊन हजर. पेटी म्हणजे स्पीकर. तो झाडाखाली ठेवायचा, आपण लांब बसून रिमोट दाबायचा, की जनावराचा आवाज सुरू. सगळे "सुगोई, सुगोई", म्हणजे भारी, भारी, करत भोवती जमले, ओनो-सानसुद्धा. रिमोट नीट बघायचा म्हणून त्यांनी देशपांडेला पुढे बसवलं. मी व्हॅनमध्ये, मांडीवर एक ओला कुत्रा.

*

पेटीची ट्रायल त्याने घरी बाल्कनीत घेतली होती. बटण चुकलं आणि जखमी सशाचं किंचाळणं सुरू झालं. खालच्या आजींनी पोलीस बोलावले. पोलिसांनी अगदी नम्रपणे विचारलं, घरात कुणाला काही त्रास आहे का? देशपांडेची बायको आतून म्हणाली, "मला आहे."

हे मी मंडळींना रंगवून सांगितलं, त्याची नाचक्की व्हावी म्हणून. तर तो आणखीच लाडका झाला.

*

डोंगरात मात्र पेटी फसली. आवाज अमेरिकन हरणांचे, इथल्या हरणांनी ढुंकूनही पाहिलं नाही. ओनो-सानचा म्हातारा कुत्रा तेवढा ट्रकखाली जाऊन बसला. मला इतका आनंद झाला की घरी येऊन मी शिरा केला. बायकोने विचारलं, हरीण मिळालं वाटतं? म्हटलं, नाही, पण त्यालाही नाही मिळालं.

*

सप्टेंबरात देशपांडे लाडात येऊन म्हणाला, मुलीला तुझी शिट्टी ऐकायची आहे, फोनवर रेकॉर्ड करू दे. मी लगेच फुशारलो. ओढ्याकाठी डास चावत होते, तरी गाल दुखेपर्यंत फुंकली.

*

ऑक्टोबरात पेटी एकदम चालायला लागली. देशपांडेने बटण दाबलं आणि पहिल्याच हाकेला झाडीतून उत्तर आलं. माझा नुसता जळफळाट. त्यात ओनो-सान माझ्या कानाशी कुजबुजले, "ऐक नीट. असं वाजवायला शीक."

पेटी उचलून ओढ्यात फेकावीशी वाटली. तेवढ्यात नर बाहेर आला, मोठ्या शिंगांचा. ओनो-साननी बंदूक खांद्याला लावली. पेटीतली हाक संपली आणि तिच्यातून खणखणीत मराठी आलं, "झालं का रे देशपांड्या? डास फोडून काढतायत!"

हरीण पसार. देशपांडे बुटांकडे बघत बसला. ओनो-सानना मराठीचं अक्षर कळत नाही, पण माझा आवाज कळतो. त्यांनी पेटीकडे पाहिलं, मग बराच वेळ माझ्याकडे.

परतताना त्यांनी देशपांडेच्या हातातली पेटी घेतली, व्हॅनमध्ये कुत्र्यांजवळ ठेवली, आणि ट्रकची दुसरी सीट हाताने झटकून माझ्यासाठी दार उघडं धरलं.