ओसरीतला खटका

आमच्या घरी फोन आला तो वडील वीज खात्यात होते म्हणून. पण वाजायचा तो अख्ख्या गल्लीसाठी. शेजाऱ्यांनी आमचाच नंबर आपापल्या नातेवाइकांना देऊन ठेवला होता. कोणाचा फोन आला की मी बोलवायला धावायचे, आणि माणसं चपला काढून थेट मधल्या खोलीत यायची. त्याचं आम्हाला कधी काही वाटलं नाही.

आई आजारी पडली आणि वाटायला लागलं. कॅन्सर हा शब्द तेव्हा घरातसुद्धा हळू आवाजात उच्चारला जायचा. उपचारांनी तिचे केस गेले, चेहरा ओळखू येईना. "मले अशी कोणी पाहू नये," एवढंच तिने मागितलं. तिची खाट मधल्या खोलीत, फोनच्या फळीशेजारी. मग वडिलांनी त्याच तारेवर ओसरीत दुसरा फोन बसवून घेतला आणि मधलं दार बंद झालं. शेजारी ओसरीतूनच बोलून परत जाऊ लागले.

मी तेव्हा नुकतीच शिक्षिका झाले होते आणि शिस्तीचं भूत माझ्या मानगुटीवर बसलं होतं. एप्रिलमध्ये सकाळची शाळा. एका दुपारी घरी आले तर शेजारच्या काकू ओसरीत नागपुरात बर्डीवर राहणाऱ्या बहिणीशी फोनवर बोलत होत्या. मी आत गेले. मधली खोली भट्टीसारखी तापलेली, आणि कुलर बंद. आई कुशीवर वळून, आतल्या फोनचा रिसीव्हर कानाला लावून ऐकत होती. कुलरच्या घरघरीत काकूंचं बोलणं नीट ऐकू येत नाही, म्हणून तिनेच तो बंद केला होता.

मला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा राग जास्त आला. "लोकायचं बोलणं काहून ऐकून राहिली? शोभते का हे तुले?" मी दबक्या आवाजात झापलं. तिने रिसीव्हर ठेवला. चोरी पकडलेल्या लहान मुलीसारखा तिचा चेहरा झाला होता. आज तो आठवला की मला स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

तेव्हा मात्र चूक तिची होती आणि बरोबर मी. दोनच दिवसांत लाइनमनला बोलावून मी ओसरीत खटका बसवून घेतला. खटका खाली केला की फोन फक्त ओसरीत, आतला मुका. वडिलांना खरं कारण सांगितलं नाही. शेजारी फोनला आले की मी किंवा वडील खटका खाली करायचो.

त्यानंतर आईने कुलर कधी बंद केला नाही. तिचं जेवण कमी झालं, बोलणं त्याहून कमी. आजार वाढला असं आम्ही धरून चाललो.

तीन आठवड्यांनी काकूंनी मला ओसरीत अडवलं. "पोरी, या फोनले काय करून ठेवलं वं? तुह्या आईचा श्वास ऐकू येत नाही आता."

"तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्याच दिवशी समजलं. खोकला आला होता न तिले. मले भेटू देत नाही, मंग काय करू? गल्लीतलं सारं बहिणीले सांगत बसली मी. बहीण म्हणे, मले काहून सांगतं, मी कोणाले ओळखतही नाही." बोलता बोलता त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

मी खटका वर केला. काकूंना बहिणीला फोन लावायला सांगितला, आत गेले आणि कुलर बंद केला. रिसीव्हर धरण्याइतकंही त्राण आईच्या हातात उरलं नव्हतं. मी तो तिच्या कानाशी धरला. कोपऱ्यावरच्या घरातल्या मुलीची मोडलेली सोयरीक पुन्हा जुळत होती, ते काकू सांगत होत्या. आई डोळे मिटून ऐकत राहिली. मग तिचे ओठ हलले.

"मंग? पोरीनं हाव म्हटलं का वं?"

ओसरीतला आवाज थांबला. दारापलीकडून आणि रिसीव्हरमधून, दोन्हीकडून मला काकूंचं रडू ऐकू आलं.

"हाव वं माय. म्हटलं."

आईने डोळे उघडले आणि मला बोटाने बाहेर जायची खूण केली. रिसीव्हर उशीवर तिच्या कानाशी टेकवून ठेवून मी मागच्या अंगणात गेले आणि दार ओढून घेतलं.