कार्टूनमधली माणसं काढणारा

"काका, जरा मान वळवा."

पहिल्या भेटीत तो मला आधी हेच म्हणाला. मस्कतमधल्या अल मवालेहच्या आमच्या इमारतीत तो वरच्या मजल्यावर राहायचा. मी आपला मान वळवून उभा. "हं, नाक कळलं," म्हणाला आणि जिना चढून गेला. तुम्हाला वाटेल, काय आगाऊ मुलगा. मलाही तेच वाटलं.

दिवसा तो एका कंपनीत पंपांची ड्रॉइंग काढायचा आणि संध्याकाळी टोकियोतल्या एका लहानशा स्टुडिओसाठी ॲनिमेशनची पात्रं. एकच माणूस समोरून, कडेने, पाठमोरा, हसताना, रुसताना. समोरून नाक म्हणजे नुसता ठिपका, त्यामुळे खरी पंचाईत कडेने काढताना व्हायची. आम्ही शुक्रवारी भाजीबाजारात गेलो की मी मुळे निवडायचो आणि हा माणसं. कलिंगडवालाही त्याच्या तावडीतून सुटला नव्हता.

आमच्या मराठी मंडळात त्याला 'कार्टूनवाला' म्हणत. ते तो हसण्यावारी नेई. आईचं मात्र त्याला लागायचं. त्या पुण्याहून येऊन राहत आणि विचारेल त्याला सांगत, मुलगा डिझाइन इंजिनिअर आहे. लग्नाच्या बायोडेटातही तेच.

"आईने एकदा चारचौघांत खरं सांगावं, बस," तो मला म्हणाला होता.

एकदा सोहारहून एक कुटुंब मुलीला घेऊन आलं. मलाही बोलावलं होतं. मुलीचे वडील ॲल्युमिनियमच्या कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर. पोहे खाता खाता त्यांनी विचारलं, डिझाइन म्हणजे नेमकं कशाचं?

"पोटासाठी पंपांचं. मनापासून करतो ते माणसांचं," असं म्हणून त्याने आईकडे पाहिलं.

"तो आपला छंद आहे हो त्याचा," आई घाईघाईने म्हणाल्या.

त्याने मान डोलावली आणि चहा कोणाकोणाला हवा ते विचारलं. मला त्याच्याकडे बघवेना. लग्न काही जमलं नाही.

पुढे स्टुडिओने त्याला टोकियोलाच बोलावून घेतलं. आई घर आवरायला मागे राहिल्या. घरमालक किल्ल्या घ्यायला आले तेव्हा मी खोकी बांधत होतो. पन्नाशीचे ओमानी गृहस्थ, हिंदी छान बोलायचे. मुलगा आता कुठल्या कंपनीत, असं त्यांनी सहज विचारलं. आईंनी माझ्याकडे पाहिलं. मी खोक्याला चिकटपट्टी लावत राहिलो.

"जपान में है," त्या म्हणाल्या. मग किल्ल्या त्यांच्या हातात देत, "कार्टून के लोग बनाता है. वही उसका काम है."

घरमालक खोक्यावर बसलेच. लहानपणी शाळेतून धावत येऊन ते अरबी बोलणारी जपानी कार्टून बघायचे. एकेका पात्राचे केस, डोळे, चाल हाताने दाखवत ते सांगू लागले. "माशाल्ला, वो ये बनाता था? मेरे घर में?"

आई त्यांच्यासमोर बसल्या. ते थांबले की म्हणायच्या, "और बताइए."

ज्याने हे ऐकायला हवं होतं, तो तेवढा तिथे नव्हता.