पेल्यावरचा तळहात

वाळूजच्या कंपनीत माझी पहिलीच पाळी होती, दुपारी दोनची. उशीर झाला तर परत गावी जावं लागणार, एवढंच डोक्यात. नववीत शाळा सोडलेल्याला दुसरं काम कोण देणार? तशात भर उन्हात सायकल पंक्चर झाली. रस्त्याकडेच्या पंक्चरवाल्या म्हाताऱ्या चाचांपुढं ती टाकली न् त्यांच्या माठाकडं धावलो. पेला भरला, तर त्यांनी वर तळहातच ठेवला.

"चाचा, पाणीच पितोय!"

"पैले बैठ, मियां. पसीना सुकने दे. पानी कहाँ भागा जा रा?"

मला वाटलं, पाणी नाकारतायत. लई राग आला. त्यांनी गुळाचा खडा पुढं केला. तो चघळताना आई आठवली. उन्हातून आलो की तीही आधी गूळ द्यायची न् पाण्याचा तांब्या लपवायची. घाम सुकला, मग कुठं चाचांनी पेल्यावरचा हात काढला.

भोंगा वाजता वाजता गेटात शिरलो. नंतर रस्ता रुंद झाला, त्यात दुकान गेलं, चाचा पुन्हा दिसले नाहीत.

आता उन्हाळ्यात कंपनीत पाळीवर येणारी नवी पोरं धापा टाकत पाण्याकडं धावतात, माझ्यावर चिडतात. माझा तळहात पेल्यावर असतो, न् डोळा अजून घड्याळावर.